दोन राशी

खेळ हेंच बालकाचें काम, हें वाक्य आम्हीं विद्यार्थिदशेंत शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत वाचलें, परीक्षेंत लिहिलें, आणि त्याबद्दल बरे गुणहि मिळविले. परंतु एखादें वाक्य पाठ असणें निराळें, आणि तें आपल्याच अंगणांत मूर्तिमंत उभें राहिलें असतां ओळखतां येणें निराळें. आमच्या शाळेच्या आवारांत घडलेली एक लहानशी गोष्ट आज वाचकांस सांगावयाचें योजिलें आहे. तींत आमचा गौरव व्हावा असें कांहींच नाहीं. पण 'चूक झाली तर ती कबूल करा' असें विद्यार्थ्यांना वर्षभर सांगणाऱ्यानें तो धडा कधीं तरी स्वतःहि गिरवावा, हें योग्यच होय.

सन २०२२ चा नाताळ जवळ आला होता. सुटी लागण्यापूर्वीं बालवर्गांतील प्रत्येक मुलास एक खेळणें द्यावयाचें, असा आमच्या शाळेचा जुना परिपाठ आहे. त्या वर्षीं खेळणीं आणण्याचें, बांधण्याचें आणि वांटण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्ही स्वभावतः टापटिपीचे. बाजारांतच आम्हीं दोन पिशव्या केल्या. एकींत मोटारी, चेंडू, हातोडी-पान्ह्यांचे संच. दुसरींत बाहुल्या, भातुकलीचे संच, मण्यांच्या माळा. पहिल्या पिशवींतील वस्तु निळ्या कागदांत बांधल्या, दुसरींतील गुलाबी कागदांत. कार्यक्रमाच्या दिवशीं व्यासपीठाच्या उजवीकडे निळी रास, डावीकडे गुलाबी रास. मुलग्यांची रांग इकडे, मुलींची तिकडे. कोणास काय हवें हें विचारण्याची गरजच उरली नाहीं, आणि सारें वांटप वीस मिनिटांत आटोपलें. एका सहकारी बाईंनीं आमच्या व्यवस्थेची तारीफ केली, व ती आम्हीं विनयपूर्वक स्वीकारली, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

कार्यक्रमानंतर पालक चहा घेत असतां आम्ही पाण्याच्या नळांकडे गेलों. तेथें कडुलिंबाच्या पारावर बालवर्गांतील एक मुलगा आणि एक मुलगी बसलीं होतीं. दोघांनीं आपापलीं खेळणीं बदलून घेतलीं होतीं. मुलीनें मोटार उताणी करून तिचें मागचें चाक काढलें होतें, आणि तें पुन्हां कसें बसतें हें ती जिभेचें टोंक दांतांत धरून पाहत होती. मुलाच्या मांडीवर बाहुली होती. त्यानें आपला हातरुमाल नळाखालीं भिजवून, त्याची नीट घडी करून, ती बाहुलीच्या कपाळावर ठेविली होती. रुमालाचें पाणी त्याच्या नव्या विजारीवर ठिबकत होतें.

आम्हांस दिसलें तें इतकेंच, कीं वांटपाची व्यवस्था बिघडली, मोटार मोडली आणि बाहुली भिजली.

"मुलगा ना रे तूं? मग बाहुलीशीं काय खेळतोस?" आम्हीं हंसत हंसत विचारलें.

"तिला ताप आलाय, सर," तो हळूच म्हणाला. "रडूं नये म्हणून मांडीवर घेतलंय."

जवळच उभे असलेले वरच्या वर्गांतील दोन मुलगे फिदिफिदी हंसले. आम्हीं बाहुली उचलून मुलीच्या हातीं दिली, मोटार व तिचें सुटें चाक मुलाच्या हातीं दिलें, आणि ज्याचें त्यास मिळालें या समाधानांत चहाकडे वळलों. मुलगी मोठ्यानें रडूं लागली. मुलगा रडला नाहीं. त्यानें रुमाल पिळून खिशांत ठेविला, आणि दुसऱ्या कोणाची वस्तु सांभाळावयास मिळावी त्याप्रमाणें ती मोटार धरून तो उभा राहिला.

जानेवारींत त्या मुलाची आई कांहीं कामानिमित्त शाळेंत आली. बोलतां बोलतां ती म्हणाली, "नोव्हेंबरांत धाकटीला चार दिवस ताप होता, सर. मी रात्ररात्र पट्ट्या बदलत बसायची. हा उशाशीं पाण्याची वाटी धरून बसे. जा, झोप म्हटलं तरी उठायचा नाहीं." तिनें हें सहज, आईच्या कौतुकानें सांगितलें. आमच्या तोंडून मात्र शब्द फुटेना. ज्याला आम्हीं खेळ म्हटलें होतें तो खेळ नव्हता, किंवा असें म्हणूं या कीं, खेळ म्हणजे काय हें त्या दिवशीं त्या पारावर आमच्यापेक्षां त्या बालकास अधिक ठाऊक होतें.

येथें एक घरगुती गोष्ट सांगणें भाग आहे. आमचे वडील एका मिशन इस्पितळांत रुग्णांची शुश्रूषा करीत. तापानें फणफणलेल्या अनोळखी माणसांच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवीत, त्यांचीं अंथरुणें बदलीत आणि त्यांना चमच्यानें पेज भरवीत त्यांनीं तीस वर्षें काढलीं. त्या पगारावर आम्ही शिकलों व पदवीधर झालों. 'पुरुष ना तूं?' असें त्यांना कोणीं विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्यांच्या मुलानें मात्र तोच प्रश्न साडेचार वर्षांच्या एका बालकास विचारला.

हें शल्य मनांत घेऊन आम्ही या विषयावर वाचूं लागलों. वाचलें त्यांतील थोडें येथें देतों, कारण तें पालकांच्या उपयोगी पडेल असें वाटतें.

सन १९७६ मध्यें जॉन व सँड्रा कॉन्ड्री या अमेरिकन संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या एका बाळापुढें पेटींतून एकाएकीं उसळून वर येणारा बाहुला ठेविला, आणि त्या बाळाचें चित्रण दोनशेंहून अधिक प्रौढांस दाखविलें. बाळ दचकलें आणि रडलें. चित्रण सर्वांनीं एकच पाहिलें; भेद इतकाच कीं, कांहींना तो मुलगा आहे असें सांगितलें होतें व कांहींना ती मुलगी आहे असें. ज्यांनीं मुलगा समजून पाहिलें त्यांना त्या रडण्यांत राग अधिक दिसला. ज्यांनीं मुलगी समजून पाहिलें त्यांना भीति अधिक दिसली. बाळ तेंच, अश्रु तेच, पाहणारे डोळे मात्र आधींच निराळें कांहीं ठरवून बसलेले. दोन वर्षांनीं, सन १९७८ मध्यें, प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत लहान मुलांच्या मातांकडे एक परकें बाळ खेळविण्यास दिलें होतें. बाळाचे कपडे व नांव मुलाचें असलें कीं त्या मातांचा हात आधीं हातोडीसारख्या खेळण्याकडे जाई, आणि मुलीचें असलें कीं बाहुलीकडे. बाळानें कांहीं मागितलें नव्हतें. मागण्याचें त्याचें वयच नव्हतें.

आमच्या निळ्या व गुलाबी कागदांचा इतिहास तर अधिकच मौजेचा आहे. हा भेद आम्ही सृष्टीच्या आरंभापासूनचा मानीत होतों. प्रत्यक्षांत सन १९१८ मध्यें अमेरिकेंतील मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकानें नेमकें उलट सांगितलें होतें: गुलाबी रंग ठसठशीत, म्हणून तो मुलांस द्यावा, निळा नाजूक, म्हणून तो मुलींस. आजची वांटणी पक्की झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत, आणि ती पक्की करण्यांत दुकानदारांचा वांटा मोठा होता. एकाच घरांत भाऊबहीण असतील तर दोघांस दोन रंगांचीं खेळणीं लागतात, आणि थोरल्याचें धाकटीस चालत नाहीं, हें गणित विकणाऱ्यास कळणार नाहीं तर कोणास कळेल? डेन्मार्कमधील लेगो या खेळणीं करणाऱ्या कंपनीनें सन १९७४ मध्यें पालकांस उद्देशून पेटींत एक चिठी घातली होती. निर्मितीची ओढ मुलांत व मुलींत सारखीच असते, आणि मुलाला बाहुलीचें घर आवडेल तसें मुलीला अवकाशयानहि आवडेल, असा तिचा आशय होता. त्याच कंपनीनें सन २०१२ मध्यें खास मुलींसाठीं म्हणून निराळे संच काढले.

आतां दुसरी बाजू न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. मुलांच्या आणि मुलींच्या आवडींत निसर्गतः कांहींच फरक नसतो, असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. सन २००२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत माकडांपुढें खेळणीं ठेविलीं होतीं. तेव्हां नर मोटारीशीं व चेंडूशीं माद्यांपेक्षां अधिक वेळ रमले, आणि माद्या बाहुलीशीं व स्वयंपाकाच्या भांड्याशीं नरांपेक्षां अधिक रमल्या. माकडांस बाजार ठाऊक नाहीं, जाहिरात ठाऊक नाहीं. अर्थात् त्यांना स्वयंपाकहि ठाऊक नाहीं, तेव्हां त्या भांड्यांत त्या माद्यांनीं काय पाहिलें हें त्यांचें त्यांनाच माहीत! पण यावरून एवढें मानावयास हरकत नसावी कीं, निसर्गानें कांहीं कल दिलेला असूं शकेल. मात्र कल निराळा आणि कुंपण निराळें. पाण्याचा ओघ एका बाजूस अधिक वाहतो म्हणून दुसऱ्या बाजूस गेलेल्या धारेला कोणी चोर म्हणत नाहीं. त्या पारावरील दोन बालकांस आम्हीं जवळजवळ तसेंच वागविलें होतें.

आपल्याकडे काय चालतें तेंहि पाहावें. सावंतवाडीच्या चितारआळींत लांकडी खेळणीं होतात. एकाच कारागिराच्या हातून, एकाच लांकडापासून, भोवराहि उतरतो आणि इवलेंसें लाटणेंहि उतरतें. आपण मुलाच्या हातीं जाणार कीं मुलीच्या, हें लांकडास ठाऊक नसतें. पुढें भोवरा अंगणांत जातो आणि लाटणें ओसरीवर राहतें. भातुकलींत मुलगे मुळींच नसतात असें नाहीं. आम्हीहि लहानपणीं आमच्या बहिणीच्या भातुकलींत जात असूं. पण कशासाठीं? जेवावयास! चूल तिनें मांडावी, चुरमुऱ्यांचा भात तिनें शिजवावा, वाढणें तिनें करावें, आणि आम्हीं पाहुणे होऊन पाटावर बसावें व गूळदाणे संपले कीं उठून जावें. बोळकीं विसळल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आज त्या खेळाकडे पाहिलें म्हणजे वाटतें कीं आम्ही तेथें खेळत नव्हतों, आयुष्यभराचा पाट अडवून बसावयास शिकत होतों.

मुलींच्या हातीं निराळें साधन दिलें तर काय होतें, याचें उदाहरण शोधावयास ख्रिस्ती वाचकांस दूर जावयास नको. पंडिता रमाबाईंनीं अमेरिकेंत असतांना बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता, आणि बालकांच्या हातांस काम व खेळ देण्याचें मोल त्या जाणून होत्या. पुढें केडगांव येथें त्यांनीं दुष्काळांतून वांचविलेल्या मुलींच्या व विधवांच्या हातीं पोळपाट दिलाच, पण छापखानाहि दिला. तेथें मुलींनीं खिळे जुळविले, यंत्रें चालविलीं, पुस्तकें बांधलीं. रमाबाई सन १९२२ मध्यें प्रभूकडे गेल्या, आणि त्यांनीं केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर सन १९२४ मध्यें त्याच छापखान्यांत छापून पुरें झालें. 'हें बायकांचें काम नव्हे' हा विचार तेथें प्रमाण मानला असता, तर त्या ग्रंथाचें एक पानहि निघतें ना.

असें सर्व मनांत घेऊन सन २०२३ च्या नाताळांत आम्हीं दोन राशींची चाल मोडली. एकच लांब टेबल मांडलें, सर्व खेळणीं कागदाशिवाय उघडीं ठेविलीं, आणि सर्वांची मिळून एकच रांग केली. प्रत्येकानें पुढें यावें आणि हवें तें उचलावें. वांटपास वीस मिनिटांऐवजीं पाऊण तास लागला, आणि मागल्या वर्षीं तारीफ करणाऱ्या बाई या वर्षीं गप्प राहिल्या.

परिणाम काय झाला? बहुतेक मुलग्यांनीं मोटारी व चेंडूच घेतले, बहुतेक मुलींनीं बाहुल्या व भातुकलीच घेतली. एक टेबल मांडल्यानें जग उलटेंपालटें होईल अशी ज्यांना धास्ती वाटत असेल, त्यांनीं निश्चिंत असावें. पण मागल्या वर्षीं चाक काढून बसलेली ती मुलगी पुढें आली, तिनें कोणाकडेहि न पाहतां हातोडी-पान्ह्यांचा संच उचलला, आणि ती निघून गेली. तिचे वडील भिंतीशीं उभे होते. ते शेजारच्या गृहस्थास अभिमानानें म्हणाले, "आमची मुलगी अगदीं मुलासारखी आहे."

मग तो मुलगा आला. त्याचा हात टेबलावरून सरकत बाहुलीपर्यंत गेला, आणि थांबला. त्यानें मान वर करून आमच्या तोंडाकडे पाहिलें. आम्हीं हंसून मान डोलविली आणि म्हटलें, "घे बाळ, हवी तर घे." त्यानें मागें वळून रांगेंतील मुलग्यांकडे पाहिलें. मग चेंडू उचलला आणि धांवत सुटला.

आम्हीं एका वर्षापूर्वीं एका वाक्यानें जें शिकविलें होतें, तें एका टेबलानें पुसलें गेलें नाहीं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें सन २०२१ मध्यें असा कायदा केला कीं, मोठ्या दुकानांनीं खेळण्यांचा एक तरी विभाग मुलगा-मुलगी या भेदावांचून मांडावा. सन २०२४ पासून तो अंमलांत आला. कायदा चांगला आहे. परंतु कायद्यानें दुकानांतील फळी बदलेल. तिच्यापुढें उभें राहून मूल ज्याच्या तोंडाकडे पाहतें, त्याचें तोंड बदलावयाचें काम कायद्याचें नव्हे.

आणि त्या दोन बालकांस मिळालेल्या निरनिराळ्या वागणुकीचा आम्ही विचार करूं लागलों, तेव्हां खरी गोष्ट ध्यानांत आली. मुलीनें हातोडी उचलली तर आपण तिला 'मुलासारखी' म्हणून गौरवितों. मुलानें बाहुली उचलली तर 'मुलीसारखा' म्हणून हिणवितों. शब्दांची घडण तीच. एकींत बढती आहे, दुसरींत अवनति. म्हणजे प्रश्न निळ्या-गुलाबीचा नाहींच. आपण मुलांपुढें खेळण्यांच्या दोन राशी मांडतों त्या वस्तुतः कामांच्या दोन राशी आहेत, आणि त्यांतील एका राशीस आपण मनोमन हलकी ठरविलें आहे. आजाऱ्याच्या कपाळावर पट्टी ठेवणें, रडणाऱ्यास मांडीवर घेणें, दुसऱ्याच्या पोटासाठीं चुलीपाशीं बसणें, हीं कामें आपल्या प्रत्येकाच्या जिवाचा आधार आहेत. तीं आपण आईच्या नांवानें गातों, आणि मुलानें हातीं धरलीं कीं हंसतों. मुलें आपलें गाणें ऐकत नाहींत, आपलें हंसणें ऐकतात.

प्रभु येशू नासरेथांत सुताराच्या घरीं वाढला, तेव्हां करवत व रंधा त्याच्या ओळखीचे होते. पण पुनरुत्थानानंतर गालील समुद्राच्या कांठीं, रात्रभर जाळीं टाकून दमलेले शिष्य किनाऱ्यास लागले, तेव्हां त्याच हातांनीं विस्तव पेटवून, त्यावर मासळी व जवळ भाकर ठेवून, त्यांची न्याहारी तयार केली होती. मृत्यूस जिंकून आलेल्यास त्या सकाळीं हें काम हलकें वाटलें नाहीं. शिष्यांपैकीं कोणी हंसल्याचें शुभवर्तमानांत लिहिलेलें नाहीं.

पालकहो, आमची आपणांस विनंति एवढीच आहे. मुलाच्या हातून चेंडू काढून त्याला बाहुली देऊं नका. तीहि एक जबरदस्तीच होईल. पण त्यानें ती आपण होऊन घेतली तर ती कां घेतली, हें विचारण्यापूर्वीं क्षणभर पाहा. कदाचित् तिला ताप आला असेल. आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनो, त्या दिवशीं पारापाशीं तुम्हांपैकीं दोघे हंसलां, त्याचा दोष आम्ही तुम्हांस देत नाहीं. शिक्षक आधीं हंसले होते. पुढल्या वेळीं मात्र आम्ही हंसलों तरी तुम्हीं हंसूं नये, एवढी आज्ञा नव्हे, विनवणी आहे.

तो मुलगा आतां दुसऱ्या इयत्तेंत आहे. चेंडू चांगला खेळतो. त्याच्या वर्गशिक्षिका सांगतात कीं, मैदानावर कोणी पडलें, कोणाचा गुडघा फुटला, तर सर्वांच्या आधीं हाच नळाकडे धांवतो आणि रुमाल भिजवून आणतो. मात्र तो ओला रुमाल जखमेवर ठेवण्यापूर्वीं एकदां इकडेतिकडे पाहतो, कोणी बघत तर नाहीं ना, म्हणून. तें पाहणें ज्या दिवशीं थांबेल, त्या दिवशीं त्याचें आमच्यावरील ऋण फिटलें असें आम्ही समजूं.